वाईट बातमी वेळेवर

पुण्यात आयटीत काम करणाऱ्याला लग्नकार्यात हमखास एक प्रश्न येतो, "हाताखाली किती जण आहेत?" विचारणाऱ्याला आपण नेमकं काय करतो याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. पंधरा म्हटलं की तो मान डोलावतो, चाळीस म्हटलं की खुर्ची जवळ ओढून स्वतःच्या भाच्याचा बायोडेटा पाठवू का विचारतो. कंपन्यांमधलं मोजमापही याहून फार वेगळं नाही. डेव्हलपर, सीनियर डेव्हलपर, टेक लीड, मॅनेजर अशा पायऱ्या चढताना डोकी वाढत जातात आणि त्यालाच प्रगती म्हणायची रीत आहे.

मी या धंद्यात वीसेक वर्षं आहे. आधी हिंजवडीतल्या एका सर्व्हिस कंपनीत अमेरिकी विमा कंपन्यांच्या क्लेमची सॉफ्टवेअर केली, नंतर बाणेरला पेमेंटचं प्रॉडक्ट बनवणाऱ्या कंपनीत आले. टीम लहान-मोठ्या होत गेल्या. आपण लीड म्हणून वाढतोय की नुसतेच जुने होतोय हे ओळखायला मी हळूहळू एकच प्रश्न विचारू लागले: टीममध्ये काही बिघडलं तर ते मला किती वेळात कळतं आणि कोणाकडून कळतं? ज्याच्या हातून बिघडलं त्याच्याकडून तासाभरात कळलं तर टीम ठीक चालली आहे. आठवड्याने ग्राहकाकडून कळलं तर बाकी सगळे आकडे कितीही देखणे असोत, काहीतरी नासलं आहे.

सर्व्हिस कंपनीत आठवड्याचा स्टेटस रिपोर्ट नावाचा प्रकार असतो. प्रत्येक कामापुढे एक रंग. हिरवा म्हणजे सुरळीत, पिवळा म्हणजे लक्ष असू द्या, लाल म्हणजे अडलंय. शुक्रवारी संध्याकाळी, तिकडे सकाळ होत असताना, क्लायंटबरोबर कॉल. तो रिपोर्ट खालून वर जाताना पाहणं हे स्वतंत्र शिक्षण होतं. समजा, क्लायंटच्या मेनफ्रेमवरून येणाऱ्या फाइलमध्ये तारखांचा घोळ आहे आणि निम्म्या टेस्ट पडताहेत. डेव्हलपर सांगतो, "फाइलच चुकीची येतेय, पुढे जाता येत नाही." मॉड्यूल लीड लिहितो, "फाइल फॉरमॅटबद्दल इश्यू, चर्चा सुरू." प्रोजेक्ट मॅनेजर त्याचं "किरकोळ अडचण, नियंत्रणात" करतो. ऑनसाइट कोऑर्डिनेटरला क्लायंटच्या समोर बसायचं असतं, तो म्हणतो, "ऑन ट्रॅक." क्लायंटच्या पडद्यावर हिरवा रंग. यात कोणीच धडधडीत खोटं बोललेलं नसतं, प्रत्येकाने एखादा शब्द मऊ केलेला असतो इतकंच. अशा प्रोजेक्टला आमच्याकडे कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवं आणि आत लाल. ते कापलं जातं बहुधा क्लायंटच्या स्वतःच्या टेस्टिंगच्या पहिल्या दिवशी. मग शनिवार-रविवार ऑफिस, पिझ्झाची खोकी आणि "हे आधी का नाही सांगितलं?" हा सवाल. त्याचं उत्तर विचारणाऱ्यासकट सगळ्यांना ठाऊक असतं.

फ्रेडरिक ब्रूक्स यांनी साठच्या दशकात आयबीएममध्ये ओएस/३६० या अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलं आणि तो अनुभव १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात मांडला. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो, हा त्यातला नियम आमच्या क्षेत्रात बहुतेकांना पाठ असतो. त्याच पुस्तकाच्या उत्तरार्धात एक कमी वाचलं जाणारं प्रकरण आहे आणि मला ते जास्त उपयोगी पडलं. ब्रूक्स विचारतात की खालचा माणूस अडचण का लपवतो? त्यांच्या मते दोष बराचसा वरच्या माणसाच्या सवयीत असतो. अडचण कानावर पडली रे पडली की साहेब ती स्वतःच्या ताब्यात घेतात. सांगणाऱ्याचा अधिकार जातो, त्याने मनात आखलेला उपाय बाजूला पडतो. पुढच्या वेळी तो आधी स्वतः निस्तरून पाहतो आणि गळ्याशी आल्यावर तोंड उघडतो. म्हणून साहेबाने नुसती स्थिती ऐकायची वेळ आणि निर्णय घ्यायची वेळ वेगळी ठेवावी. स्थिती ऐकताना हुकूम सोडू नयेत आणि खालच्याला सुटण्यासारखं असेल ते त्यालाच सोडवू द्यावं.

हे पुस्तक वाचायच्या आधी मी ते चालताना पाहिलं होतं. माझ्या पहिल्या मॅनेजर मूळच्या सांगलीच्या, कोबॉलवर वाढलेल्या, वाय-टू-केच्या धामधुमीत रात्री जागवलेल्या. सगळ्यांना नावाने हाक मारायची असा कंपनीचा दंडक होता, पण त्यांच्यापुढे तो कोणालाच जमला नाही. त्या शेवटपर्यंत मॅडमच राहिल्या. कोणी पडलेला चेहरा घेऊन त्यांच्या क्युबिकलशी आला की त्या हातातलं पेन खाली ठेवायच्या, खुर्ची पूर्ण वळवायच्या आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हणायच्या, "बरं झालं, आत्ता सांगितलंस. तुझं काय म्हणणं आहे, काय करावं?" समोरच्याने "तुम्ही सांगाल तसं" म्हणून चेंडू परत टोलवला की म्हणायच्या, "मी काय सांगणार? मी तो कोड शेवटचा कधी पाहिला देव जाणे. तू बघतोयस रोज. चारला ये, दोन पर्याय घेऊन ये." चारला तो खरोखर दोन पर्याय घेऊन यायचा. बाईंनी निवडलेला पर्याय बरेचदा त्याच्याच मनातला असायचा, पण आता त्यावर त्यांचा शिक्का असे. प्रोजेक्टच्या पहिल्या महिन्यांत त्यांच्या रिपोर्टमध्ये लाल रंग इतरांपेक्षा जास्त असायचा, त्यावरून वर कुरबुरही व्हायची. शेवटच्या महिन्यांत इतर टीम लाल व्हायच्या तेव्हा आमचे लोक सहाच्या बसने घरी जात.

चांगला कोड लिहितो म्हणून माणसाला लीड करतात, आणि लीड झाल्यावर त्याला सर्वांत मोठा मोह कोडचाच पडतो. ज्युनिअर अडला की "सरक, मी बघते" हे शब्द जिभेवर तयार असतात. बग सुटतो, ज्युनिअर थँक्यू म्हणतो, आपल्यालाही अजून हात चालतो याचं समाधान. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ च्या 'हाय आउटपुट मॅनेजमेंट'मध्ये याचा हिशेब रोखठोक मांडला आहे. मॅनेजरचं उत्पादन म्हणजे त्याच्या टीमचं उत्पादन आणि त्याच्या प्रभावाखाली असलेल्या शेजारच्या टीमचं उत्पादन. या खात्यात मी स्वतः सोडवलेला बग कुठल्या रकान्यात लिहायचा? त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्याच्या हातून कीबोर्ड काढून घेतला तो पुढचा बग घेऊन लवकर येत नाही. ग्रोव्ह यांनी आणखी एका गोष्टीवर भर दिला होता, ती म्हणजे प्रत्येकाबरोबर ठरलेल्या वेळी एकट्याने बसणं. ती बैठक खालच्या माणसाची असते, विषय त्याने आणायचे, आपण ऐकायचं. आम्ही याला 'वन-ऑन-वन' म्हणतो आणि कामाच्या गर्दीत पहिला बळी तिचाच जातो. मी ती रद्द करायची नाही, फार तर पुढे ढकलायची, एवढा एक नेम पाळत आले. पहिली वीस मिनिटं तिकिटं, सुट्ट्या, लॅपटॉप असलं काहीबाही चालतं. खरं बोलणं उठायच्या बेतात असताना येतं, "एक सांगायचं होतं..."

विचारण्याची पद्धतही बदलावी लागते. "झालं का?" या प्रश्नाला आयटीत एकच उत्तर आहे, "ऑलमोस्ट." बेल लॅब्जमधले टॉम कारगिल यांच्या नावावर एक मार्मिक नियम सांगतात. पहिल्या नव्वद टक्के कोडला नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांना आणखी नव्वद टक्के. हसण्यावारी नेला तरी तो शब्दशः अनुभवाला येतो. म्हणून आमच्या टीममध्ये टक्क्यांना बंदी आहे. कोड मुख्य शाखेत गेला, टेस्ट पास झाल्या, दुसऱ्याला चालवून दाखवता आलं की झालं. तोवर नाही झालं. कामाचे तुकडे इतके लहान करायचे की दोन-तीन दिवसांत दाखवायला काहीतरी असलंच पाहिजे. तिसऱ्या दिवशीही दाखवायला काही नसेल तर तीच बातमी, आणि ती कळायला कोणाच्या कबुलीची गरज उरत नाही.

दुसरी युक्ती मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांच्याकडून घेतली. २००७ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये त्यांनी प्री-मॉर्टमची कल्पना मांडली होती. काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी असं धरून चालायचं की हा प्रोजेक्ट साफ आपटला आहे, आणि कशामुळे आपटला ते लिहून काढायचं. शंका काढणं हेच सोपवलेलं काम असलं की शंकेखोर ठरायची भीती राहत नाही. आम्ही ते कागदाच्या चिठ्ठ्यांवर, नाव न घालता करतो. बँकेकडून रोज येणाऱ्या सेटलमेंट फाइलचं एक मोठं काम हाती घेतलं तेव्हा टेबलावर आर्किटेक्चर, लोड, सिक्युरिटी असल्या भारदस्त चिठ्ठ्यांचा ढीग पडला. त्यात एकीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, "दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद. फाइल येणार नाही. आपला जॉब तिची वाट बघत बसेल, आणि सोमवारी दोन्ही फाइल एकदम आल्या तर?" डिझाइन डॉक्युमेंटच्या पानांमध्ये शनिवारचा उल्लेखही नव्हता. अक्षरावरून लिहिणारा ओळखू आला, टीममधला सर्वांत नवा मुलगा. भर मीटिंगमध्ये हात वर करून आर्किटेक्टला शनिवारबद्दल विचारायची त्याची छाती झाली असती असं मला वाटत नाही.

भाषेचाही अडसर असतो आणि तो आपण गृहीत धरत नाही. सकाळचं स्टँडअप इंग्रजीत. टीममध्ये लातूर, पाटणा, कोची, अकोला, सगळीकडचे लोक, तेव्हा दुसरा इलाजही नसतो. मराठी माध्यमातून शिकून आलेली एक अतिशय हुशार मुलगी रोज तीन वाक्यं बोलायची आणि शेवटी "नो ब्लॉकर्स." एकदा जेवताना सहज म्हणाली, "मॅम, ते रिकन्सिलिएशन रोज थोडं चुकतंय बघा. रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंतचे व्यवहार आदल्या दिवसात पडतायत." म्हणजे सर्व्हर यूटीसीच्या तारखा धरत होता आणि आमचा दिवस साडेपाच तास आधी सुरू होत होता. तिने कारण अचूक शोधलं होतं, उपायही काढला होता. दहा लोकांसमोर इंग्रजीत, एका सीनियरचा कोड चुकलाय हे सांगणं तेवढं जमत नव्हतं. तेव्हापासून स्टँडअपच्या आधी प्रत्येकाने चार ओळी लिहून टाकायच्या असं ठरलं. व्याकरण कोणी तपासणार नाही. आणि वन-ऑन-वन ज्याच्या-त्याच्या भाषेत. मला जमते तिथपर्यंत हिंदी, कोचीच्या मुलाशी इंग्रजी, बाकी मराठी. लिहिलेल्या चार ओळींत तोंडी न येणाऱ्या गोष्टी येऊ लागल्या.

हे सगळं केल्याचा फायदा एका दुपारी दिसला. पगाराचा आठवडा, व्यवहारांची गर्दी. टीमच्या चॅटवर एका ज्युनिअरचा मेसेज पडला: "ट्रान्झॅक्शन टेबलवर मी आत्ता इंडेक्स टाकायला घेतलाय. तेव्हापासून नवे व्यवहार अडकलेत असं दिसतंय. मीच केलंय. थांबवू का?" अलार्म अजून वाजला नव्हता. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. त्यात साधी 'क्रिएट इंडेक्स' आज्ञा दिली की इंडेक्स पुरा होईपर्यंत त्या टेबलातून वाचता येतं, पण नवं काही लिहिता येत नाही. 'कन्करंटली' जोडलं तर वेळ जास्त लागतो, पण लिहिणं चालू राहतं. टेस्टच्या डेटाबेसात मूठभर ओळी, तिथे दोन्ही आज्ञा चुटकीसरशी संपतात आणि फरक कळत नाही. प्रॉडक्शनमध्ये त्या टेबलात कोट्यवधी ओळी होत्या.

"थांबव," सीनियरने लिहिलं. ज्युनिअरने आज्ञा रद्द केली. एकीने रांगेत अडकलेल्या विनंत्यांवर नजर ठेवली, एकाने सपोर्टच्या लोकांना कळवलं, तिसरा काय कधी घडलं ते वेळेसह लिहीत बसला. मी फक्त वरच्यांचे फोन घेतले. मधल्या काळात ग्राहकांच्या ॲपनी अडकलेल्या विनंत्या पुन्हा पाठवल्या होत्या, पण प्रत्येक व्यवहाराला एकच ओळख-क्रमांक आणि तो दुसऱ्यांदा आला तर पैसे कापायचे नाहीत, ही शिस्त आधीपासून होती. कोणाच्या खात्यातून दोनदा रक्कम गेली नाही. त्या मुलाने तो मेसेज टाकला नसता तर आम्ही आधी नेटवर्क पाहिलं असतं, मग बँकेला फोन केला असता, मग सकाळचं डिप्लॉयमेंट मागे घेतलं असतं. तोवर संध्याकाळ झाली असती.

दुसऱ्या दिवशी आढावा घेतला. अशा आढाव्यात दोष माणसावर न ठेवता त्याला त्या क्षणी काय दिसत होतं आणि तेच करणं त्याला बरोबर का वाटलं, हे विचारायचं. २०१२ साली एट्सीच्या जॉन ऑलस्पॉ यांनी यावर लिहिलं आणि पुढे ही पद्धत आमच्या व्यवसायात रुळली. आमच्या आढाव्यातून निघालं ते असं. त्या मुलाने टेस्टमध्ये चालवून पाहिलं होतं. दुसऱ्या एकाने ते तपासून मंजूरही केलं होतं. त्यालाही हा फरक माहीत नव्हता. प्रॉडक्शनवर थेट अशी आज्ञा चालू देणारी वाट आम्हीच उघडी ठेवली होती. मग 'कन्करंटली'शिवायचा इंडेक्स कोड-तपासणीतच अडवणारा छोटा चेक आला, आणि लॉक ठरावीक वेळात मिळाला नाही तर आज्ञेने आपोआप माघार घ्यावी अशी मर्यादा घातली. तो चेक त्याच मुलाने लिहिला. त्यानंतर नव्याने येणाऱ्यांना डेटाबेसची ओळख तोच करून देऊ लागला.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना उलटंच चित्र दिसलं होतं. चांगल्या म्हणून गणल्या गेलेल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त सापडत होती. त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की तिथे चुका बोलून दाखवल्या जात होत्या. आमच्या क्षेत्रातलं याचं उघड्यावर घडलेलं उदाहरण गिटलॅबचं आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका इंजिनिअरने दुसऱ्या सर्व्हरवर चालवायची डिलीटची आज्ञा मुख्य डेटाबेसच्या सर्व्हरवर चालवली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० गीगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले. बॅकअप शोधायला गेले तर बॅकअपचं काम बरेच दिवस फसत होतं. फसल्याच्या सूचनांचे ईमेल सर्व्हर नाकारत होता, म्हणून ते कोणापर्यंत पोहोचलेच नव्हते. सुमारे सहा तास आधी घेतलेल्या एका प्रतीमुळे ते वाचले. कंपनीने सगळं दुरुस्तीकाम लोकांसमोर, यूट्यूबवर थेट दाखवत केलं आणि अहवालात त्या इंजिनिअरचं नाव न घेता व्यवस्थेतल्या त्रुटी मांडल्या. माणसाची चूक एका क्षणाची होती, न पोहोचलेली बातमी त्याआधीपासून पडून होती.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. दोष द्यायचाच नाही तर जबाबदारी कुठे राहिली? माझा अनुभव असा की जबाबदारी वाढते, मात्र एका अटीवर. वाईट बातमी खालून वर जशी वेळेवर आली पाहिजे, तशीच वरून खालीही गेली पाहिजे. एखाद्याचं काम सातत्याने कमी पडत असेल तर ते त्याला त्याच आठवड्यात, एकट्याला, उदाहरणासकट सांगायचं. हे फार जड जातं. आपल्याकडे भिडस्तपणा मुरलेला असतो; आपण "अजून थोडं चांगलं होऊ शकेल" म्हणून सोडून देतो आणि एप्रिलमध्ये अप्रेझलच्या खोलीत त्याला एकदम खालचं रेटिंग दिसतं. त्याच्या मनात तेव्हा एकच विचार येतो, यांना वर्षभर माहीत होतं. असा माणूस पुढे आपल्याला काहीही सांगत नाही, आणि ज्यांनी हे पाहिलं तेही सांगत नाहीत. बेल कर्व्हमुळे चांगल्या टीममध्येही कोणाला तरी खाली ढकलावं लागतं तेव्हा तर हे आणखी अवघड होतं. निदान आकडा कुठून आला, त्यात माझं मत किती आणि कोटा किती, हे खरं सांगायचं. ऐकणारा चिडतो, पण पुढच्या महिन्यात पुन्हा बोलायला येतो.

वरच्या दिशेनेही तेच. पेमेंटच्या धंद्यात दिवाळी म्हणजे परीक्षा. दसऱ्याच्या आसपास एखादं फीचर दिवाळीआधी होणार नाही असं दिसलं की लीडच्या पोटात गोळा येतो आणि तो "बघूया, ताणून करू" म्हणतो. मी लीडना सांगते, की अडचण एकटी घेऊन वर जाऊ नका, पर्याय घेऊन जा. दिवाळीआधी निम्म्या ग्राहकांपुरतं देता येईल, किंवा परतावा सोडून बाकी सगळं देता येईल, किंवा तारीख पुढे. निवड धंदा सांभाळणाऱ्यांनी करायची. "आणखी पाच माणसं देतो" हा पर्याय वरून येतोच. तेव्हा कागदावर साधं गणित करून दाखवावं. पाच जणांत आपसातल्या जोड्या दहा, दहा जणांत पंचेचाळीस. नव्या पाच जणांना शिकवणार कोण? ज्यांच्याकडे आधीच वेळ नाही तेच. सप्टेंबरमध्ये हे बोललं तर नियोजन होतं, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बोललं तर पंचनामा होतो.

मार्च २०२० नंतर सगळे घरी गेले आणि यातल्या बऱ्याच वाटा बंद झाल्या. ऑफिसात कोण जेवायला उठला नाही, कोण एकाच स्क्रीनकडे तासभर बघत बसलाय, हे चालता-चालता दिसायचं. घरून ते दिसत नव्हतं. चॅटमध्ये एखाद्याच्या नावापुढे 'टाइप करत आहे' असं दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं आणि शेवटी काहीच यायचं नाही. ते दिसलं की मी सरळ फोन लावू लागले. लिहिण्याची सवय आधी लागली होती ती तेव्हा कामाला आली, पण लिहिणं पुरत नाही हेही तेव्हाच कळलं. आता आठवड्यातले काही दिवस सगळे ऑफिसला येतात. ते दिवस मीटिंगांनी भरायचे नाहीत, लोकांना एकमेकांच्या टेबलाशी घुटमळायला वेळ ठेवायचा, असा माझा आग्रह असतो. तो दर वेळी चालतो असं नाही.

गेली काही वर्षं माझ्याकडे थेट डेव्हलपर नाहीत, लीड आहेत. म्हणजे माझ्यापर्यंत येणारी प्रत्येक गोष्ट पुन्हा एका चाळणीतून येते, आणि शुक्रवारच्या रिपोर्टमध्ये पाहिलेली साखळी आता माझ्याच खाली तयार होऊ शकते. म्हणून मी अधूनमधून लीडना कल्पना देऊन त्यांच्या टीममधल्या लोकांशी बोलते. तिथे ऐकलेल्या गोष्टीवर परस्पर हुकूम काढायचा नाही हा ब्रूक्स यांचा धडा तिथे सर्वांत जास्त लागतो. काढला तर लीडची पत जाते. दुसरी गोष्ट नवी आहे. आता एआय टूल मिनिटात पानभर कोड लिहून देतं. तो चालतोही. "हे चालतंय, पण मला पूर्ण कळलेलं नाही" ही आजच्या काळातली सर्वांत दडून राहणारी वाईट बातमी आहे. ती न आली तर रात्री दोनला सिस्टिम बसल्यावर तो कोड समजणारा माणूस टीममध्ये नसतो. आमच्याकडे कोड तपासताना हे वाक्य उच्चारायची मुभा आहे आणि ते उच्चारणाऱ्याला कमी लेखायचं नाही असं ठरलं आहे. ठरवलेलं मुरायला वेळ लागेल.

यात एक धोकाही आहे. प्रत्येक खरचटणं आणीबाणी म्हणून येऊ लागलं तर टीम थकते आणि खऱ्या अलार्मकडेही दुर्लक्ष होतं. म्हणून काय लगेच सांगायचं, काय उद्याच्या चार ओळींत लिहायचं आणि काय स्वतःच निस्तरायचं, हे बसून एकदा ठरवावं लागतं. ग्राहकाचे पैसे, ग्राहकाची माहिती आणि ग्राहकाला दिलेली तारीख, यांपैकी कशालाही धक्का लागत असेल तर ताबडतोब, बाकी सवडीने. आमच्यापुरती ही यादी पुरते.

तुम्ही नुकतेच लीड झाला असाल तर एक काम करा. मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या चार मोठ्या अडचणी आठवा आणि प्रत्येकीपुढे लिहा: टीममध्ये पहिल्यांदा कोणाला कळली, तुम्हाला कधी कळली, आणि मधल्या काळात ती कोणापाशी थांबली. जिथे थांबली तिथून कामाला सुरुवात करा. त्या माणसाला जाब विचारू नका, त्याला बोलायला काय आड आलं ते विचारा. आणि यादीतली एखादी तुमच्यापाशीच अडून असेल, तर ती आजच वर कळवा.